सर्वकालीन श्रेष्ठ की नुसतेच उरलेले? मराठी चित्रपटांच्या याद्यांशी एक भांडण

१/
'मराठीतील सर्वकालीन १० श्रेष्ठ चित्रपट' ही यादी दर काही महिन्यांनी नव्याने अवतरते आणि तिच्या मागोमाग तेच वाद अवतरतात. 'संत तुकाराम' मोठा की 'श्यामची आई'? 'सामना' की 'सिंहासन'? 'सैराट'ला पहिल्या दहांत बसवायचे की दाराबाहेर ठेवायचे? 'अशी ही बनवाबनवी'ला श्रेष्ठ म्हणणाऱ्यावर हसायचे की त्याच्या बाजूने उभे राहायचे? या धाग्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. 'श्रेष्ठ' या शब्दाशी माझे वैर नाही. माझे भांडण 'सर्वकालीन' या शब्दाशी आहे.

२/
माझी दोन विधाने आहेत. पहिले : ज्या यादीला आपण सर्वकालीन म्हणतो, ती प्रत्यक्षात उरलेल्यांची यादी असते. दुसरे : ही यादी निरुपद्रवी नसते, कारण पुढच्या पिढीसाठी काय उरणार हे ठरवण्यात तिचा हात असतो. दोन्ही विधाने पुराव्यानिशी मांडतो. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आधी आकडा. मूकपटांच्या काळात, म्हणजे १९१३ पासून १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत, भारतात सुमारे १३०० चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी आज जेमतेम ३० च्या आसपास उपलब्ध आहेत आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांच्या रूपात. म्हणजे शेकडा दोन-तीन. अशी कल्पना करा की १०० बखरी होत्या, त्यांपैकी ९७ जळाल्या, आणि उरलेल्या ३ वाचून कोणी 'सर्वकालीन सर्वोत्तम बखर' जाहीर केली. इतिहासाच्या वर्गात अशा माणसाला आपण मुकाट्याने खाली बसायला सांगू. चित्रपटांच्या चर्चेत मात्र त्याला टाळ्या मिळतात.

४/
हे चित्रपट गेले कुठे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फितीवर छापले जात. हा पदार्थ रसायनशास्त्राच्या नात्याने स्फोटकांचा जवळचा भाऊ. एकदा पेटला की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवतो. म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. पेटला नाही तरी सडतो : आधी चिकट होतो, मग फुगतो, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे दोन शत्रू. आपल्याकडे दोहोंची कधीच टंचाई नव्हती.

५/
दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. कृष्णधवल फितीवरची प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, आणि बघता बघता मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. गोदामाचे भाडे भरत बसण्यापेक्षा जुन्या फिती वजनावर विकून त्यांतली चांदी काढू देणे परवडू लागले. अभिनयाची किंमत शून्य, दिग्दर्शनाची शून्य. चांदीची मात्र बाजारभावाप्रमाणे. ज्या 'आलम आरा'ने मूकपटांना मोडीत काढले, तोही आज कुठे पाहायला मिळत नाही.

६/
इथे हमखास एक आक्षेप येतो : 'काळ हाच खरा परीक्षक; जे उत्तम असते ते टिकतेच.' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यातला 'काळ' म्हणजे नेमका कोण? आपल्या प्रकरणात काळ म्हणजे आग, बुरशी, चांदीचा भाव आणि गोदामाचे थकलेले भाडे. या चौघांपैकी एकानेही चित्रपट पाहून निकाल दिलेला नाही. ज्याने उत्तरपत्रिका उघडलीच नाही, त्याला परीक्षक कसे म्हणावे?

७/
आक्षेपात थोडे तथ्य आहे, तेही मान्य करू. लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती जास्त निघतात आणि जितक्या प्रती जास्त, तितकी एखादी उरण्याची शक्यता अधिक. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई गावोगाव पोहोचली. नवऱ्याच्या भक्तीला वैतागलेली, पोरांच्या पोटासाठी थेट विठ्ठलाशी भांडणारी ती जिजाई आजही जुनी वाटत नाही. हा चित्रपट उरला यात त्याच्या गुणांचाही वाटा आहे.

८/
पण हा नियम नाही, योगायोगाला मिळालेली साथ आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१७ चा 'लंकादहन' पाहा. त्या काळातला तो प्रचंड यशस्वी चित्रपट. तिकिटांच्या पैशांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याची आख्यायिका चित्रपटविषयक पुस्तकांत वारंवार भेटते. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. एवढी लोकप्रियता मिळूनही आज त्याचे अवशेषच तेवढे उरले आहेत. लोकप्रियता तारते असे म्हणणाऱ्यांनी आधी 'लंकादहन'चे काय झाले ते सांगावे.

९/
आता आम्हा रत्नागिरीकरांच्या जवळचे एक उदाहरण. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की त्याला कात्री लावावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. पुढे 'सैरंध्री'ही गेला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना मराठी माणसाने काढलेला जो चित्रपट गौरवण्याजोगा वाटला, तो त्यांच्या गावातल्या आजच्या रसिकाला पाहता येत नाही. आणि तरीही हा रसिक 'सर्वकालीन' यादी करतो!

१०/
सर्वांत मोठा घाव मात्र 'सावकारी पाश'चा आहे. बाबुराव पेंटर यांचा हा १९२५ चा मूकपट. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावणारा शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. पडद्यावर देव-दानवांचे राज्य असताना एका कर्जबाजारी कुणब्याला नायक करणे, हीच घटना केवढी मोठी!

११/
या विषयाचे वजन कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन गहाणखते आणि कर्जरोखे जाळले. माणसे मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्याकडे त्यांचा रोख होता, कारण आपले मरण त्या कागदात आहे हे त्यांना कळत होते. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतर ५० वर्षांच्या आत तोच कागद आणि तोच सावकार बाबुराव पेंटर यांनी पडद्यावर आणला. प्रेक्षकांत असे वृद्ध असणार, ज्यांनी लहानपणी त्या दंग्यांच्या गोष्टी घरातच ऐकल्या होत्या.

१२/
आता या गमावण्याचा परिणाम पाहा. भारतीय चित्रपटातील वास्तववादाची कथा सांगताना बहुतेक जण १९५३ च्या 'दो बिघा जमीन'पासून आरंभ करतात; इटलीच्या 'बायसिकल थीव्हज'चा प्रभाव सांगतात. शेतकरी, कर्ज, जमीन, शहराकडे जाणे हा सारा आराखडा मात्र २८ वर्षे आधी कोल्हापुरात मांडून झाला होता. बाबुरावांनीच १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला, तो आपल्यासमोर आहे. पण पुनर्निर्मिती म्हणजे मूळ कृती नव्हे. मूळ पाहता येत नाही म्हणून ती यादीत येत नाही. यादीत येत नाही म्हणून नव्या पिढीला ती घडलीच नाही असे वाटते. पुराव्याचा अभाव म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हा इतिहासाचा पहिला धडा चित्रपटांच्या बाबतीत आपण का विसरतो?

१३/
बरे, जे उरले आहे त्याची तरी खात्री आहे का? 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट ४ रिळांचा. आज आपल्यापाशी पहिले आणि शेवटचे रीळ आहे. तेही १९१३ चे नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या दृश्यांसमोर 'हा पाहा आपला पहिला चित्रपट' म्हणून आपण हात जोडतो, ती दृश्ये त्या पहिल्या चित्रपटाची आहेत की नाहीत हाच वाद मिटलेला नाही.

१४/
'पहिला' हा शब्द आला की कोकणात आवाज चढतो. दादासाहेब तोरणे मालवण तालुक्यातले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते, म्हणून तोरणे आमचेही. त्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये लागला : 'राजा हरिश्चंद्र'च्या बरोबर ३५० दिवस आधी. मग पहिला मान कोणाचा? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी जे तर्क दिले जातात, ते तपासून पाहण्यासारखे आहेत.

१५/
'पुंडलिक'च्या विरोधात तीन मुद्दे येतात. ते नाटकाचे चित्रीकरण होते. कॅमेरामन जॉन्सन हा ब्रिटिश होता. फितीवरची प्रक्रिया लंडनला झाली. शेवटचे दोन मुद्दे मला लंगडे वाटतात. बॉम्बे टॉकीजच्या १९३६ च्या 'अछूत कन्या'चा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, कॅमेरामन जोसेफ विर्शिंगही जर्मन. त्या चित्रपटाला जर्मन म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग एकट्या तोरण्यांसाठीच परकीय कॅमेरामनची अट का?

१६/
पण आमच्या कोकणी अभिमानालाही इथेच थांबवतो. 'नाटकाचे चित्रीकरण' हा पहिला मुद्दा खरा की खोटा, हे ठरवायला 'पुंडलिक' समोर लागतो आणि तो नाही. त्याची बाजू घेऊन कलागुणांचे पोवाडे गाणारेही हवेतच बाण मारतात. शिवाय फाळके यांचा दावा तारखेवर उभा नाही. स्वतः तंत्र शिकून, स्वतः फीत धुऊन, सरस्वतीबाईंसह सारे घर कामाला लावून त्यांनी एकामागून एक चित्रपट काढले आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. 'आधी कोण' आणि 'पाया कोणाचा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत करून आपण दोन्ही दादासाहेबांवर अन्याय करतो.

१७/
यादी करणाऱ्यांचा पुढचा आधार म्हणजे पुरस्कार. सुवर्णकमळ मिळाले, म्हणजे श्रेष्ठ. इथेही तारखा बोलतात. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९५३ च्या चित्रपटांपासून, आणि पहिलाच सर्वोच्च मान आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाला. प्रभात फिल्म कंपनी १९५३ मध्येच बंद पडली. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे चित्रपट राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षेत नापास झाले नाहीत; ते शिकत होते तेव्हा शाळाच उघडलेली नव्हती.

१८/
पुरस्कारांच्या यादीत कोकणाने खूश व्हावे असे बरेच आहे. 'श्यामची आई'चे मूळ दापोली तालुक्यातील पालगडचे, साने गुरुजींच्या बालपणीचे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान पुन्हा मराठीला मिळाला तो थेट 'श्वास'ला. त्यातले आजोबा-नातू कोकणातलेच. पुढे तो मान मिळवणारा 'कासव'ही कोकणच्या किनाऱ्यावरचा. तरीही या यादीला मी प्रमाण मानणार नाही. तसे मानले तर 'श्यामची आई' आणि 'श्वास' यांच्या मधली ५० वर्षे मराठी चित्रपट झोपला होता असे म्हणावे लागेल. 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा' हे सारे त्याच 'झोपेतले'!

१९/
परदेशी शिक्क्याचे तर विचारूच नका. 'संत तुकाराम'विषयी बोलताना दहांतले नऊ जण १९३७ च्या व्हेनिस महोत्सवापासून सुरुवात करतात. तो गौरव मोठाच होता. पण त्या काळी तिथला सर्वोच्च पुरस्कार 'मुसोलिनी चषक' या नावाने दिला जात असे, हे किती जणांना ठाऊक आहे? फासिस्ट इटलीने मान डोलावली म्हणून देहूचा तुकाराम मोठा होत नाही, आणि डोलावली नसती तर लहानही झाला नसता. चित्रपटाविषयी बोलायला चित्रपटच पुरेसा आहे.

२०/
आणि आपल्याकडे शिक्का कोणाला नाकारला जातो, तेही पाहा. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातल्या हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले आणि त्या आत्मचरित्रावर श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' बेतलेला आहे. 'भूमिका' श्रेष्ठांच्या यादीत सन्मानाने बसतो. ज्या चित्रपटाचे नाव त्या बाईंना आपल्या आयुष्याला द्यावेसे वाटले, तो मात्र 'तमाशापट' म्हणून उंबऱ्याबाहेर. ही केवळ अभिरुची नाही. ढोलकीचा आवाज कोणत्या घरात चालतो आणि कोणत्या घरात चालत नाही, याचा तो इतिहास आहे.

२१/
जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित यादीची गत काय आहे? ब्रिटनचे 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर १० वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. १९५२ मध्ये पहिला 'बायसिकल थीव्हज'. तेव्हा तो अवघा ४ वर्षांचा होता. १९६२ ते २००२ पहिला 'सिटिझन केन'. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'. २०२२ मध्ये शांताल अकरमन या दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'जान दीलमान', जो त्याआधीच्या कौलात पहिल्या ३० मध्येही नव्हता. चित्रपट तोच, एक चौकटही बदललेली नाही. बदलले ते मतदार : २०१२ मध्ये ८४६, २०२२ मध्ये १६३९. म्हणजे यादी चित्रपटांपेक्षा मतदारांविषयी अधिक सांगते. याच २०२२ च्या पहिल्या १०० मध्ये भारतातून एकटा 'पथेर पांचाली' आहे. मतदारांनी किती मराठी चित्रपट पाहिले असतील, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

२२/
'मग लोकांचे मत घ्या, समीक्षक हवेत कशाला?' असेही म्हटले जाते. आयएमडीबीच्या पहिल्या २५० च्या जागतिक यादीत शिरायला किमान २५,००० मते लागतात. १९३७ चा 'कुंकू' आज उत्साहाने पाहून मत नोंदवणारे २५,००० प्रेक्षक आणायचे कुठून? जो चित्रपट सहज उपलब्ध आहे त्याला मते मिळतात. ज्याला मते मिळतात तो सहज उपलब्ध केला जातो. लोकशाही उत्तमच, पण इथे निम्म्याहून अधिक उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर छापलेलीच नाहीत.

२३/
आता दुसऱ्या विधानाकडे येतो. याद्या निरुपद्रवी का नाहीत? कारण जतनाचा पैसा मर्यादित असतो आणि तो नामवंतांच्या मागे जातो. फीत स्वच्छ करणे, चौकट न् चौकट दुरुस्त करणे, नवी प्रत काढणे हे अतिशय खर्चिक काम आहे. निवड करावी लागते, आणि निवड करणाऱ्यासमोर तुमच्या-आमच्या याद्यांनी घडवलेली कीर्ती असते. कीर्ती असलेला चित्रपट झळाळून परत येतो, पुन्हा पाहिला जातो, पुन्हा यादीत जातो. कीर्ती नसलेला डब्यात पडून राहतो आणि एक दिवस डबा उघडला की आंबट वास येतो. नायट्रेटनंतर आलेल्या अॅसिटेटच्या फिती पेटत नाहीत, पण दमट हवेत त्यांचा व्हिनेगर होतो. म्हणजे १९७०-८० च्या दशकातले चित्रपटही सुरक्षित नाहीत.

२४/
आणि ज्यांना कीर्ती आहे ते तरी? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जिथे एके काळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, नायट्रेटच्या फितींच्या कोठाराला आग लागली. फाळके आणि प्रभात यांच्या चित्रपटांसह शेकडो चित्रपटांची रिळे त्यात गेली. पुढच्या फितींवर आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून काही चित्रपट आपण आजही पाहू शकतो. पण प्रतीची प्रत म्हणजे मूळ नव्हे. ज्याने मूळ मोडी कागद आणि त्याची झेरॉक्स यांतला फरक अनुभवला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

२५/
जे उरले त्याचे श्रेय 'काळा'ला देण्याऐवजी माणसांना द्यावे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर या केरळच्या माणसाने त्यात आपले आयुष्य घातले. फाळके यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन त्यांनी उरलेसुरले तुकडे मिळवले, ते जुळवले. १९१९ चा 'कालिया मर्दन' आपण पाहू शकतो तो अशाच खटपटीमुळे. नायर यांचे वैशिष्ट्य असे की ते आधी 'हा चित्रपट श्रेष्ठ आहे का?' असे विचारत नसत. मिळाला तो ठेवायचा. योग्यता पुढच्यांनी ठरवावी. इतिहासकाराची वृत्ती यालाच म्हणतात. यादी करणाऱ्याची वृत्ती नेमकी याच्या उलट असते.

२६/
मग याद्या करूच नयेत का? जरूर कराव्यात, वादाशिवाय रसिकता गंजते. पण तीन पथ्ये पाळावीत.
पहिले : 'पहिला', 'लोकप्रिय', 'प्रभावी' आणि 'मला आवडलेला' हे चार रकाने वेगळे ठेवावेत. 'सैराट'विरुद्ध 'सामना' हे निम्मे भांडण या रकान्यांच्या गोंधळातून होते.
दुसरे : यादीच्या डोक्यावर 'सर्वकालीन' लिहिण्याऐवजी 'मी पाहिलेल्या' असे लिहावे आणि आपण १९५० पूर्वीचे किती चित्रपट पाहिले तो आकडा खाली द्यावा. आकडा लिहिताना लाज वाटली तर तीही उपयोगी पडेल.
तिसरे : दहावी जागा गमावलेल्या चित्रपटासाठी राखून ठेवावी.

२७/
या तिसऱ्या पथ्याला भाबडेपणा म्हणून हसण्याआधी एक गोष्ट ऐका. कार्ल ड्रायर यांच्या १९२८ च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ आवृत्ती आगीत गेली असे दशकानुदशके मानले जात होते. १९८१ मध्ये ती सापडली : नॉर्वेतील ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात. १९१९ चा आपला 'बिल्वमंगल' कलकत्त्यात तयार झाला आणि त्याचा उरलेला भाग पॅरिसहून मिळाला. ज्याचे नाव कोणीतरी जपले होते, तेच सापडल्यावर ओळखू आले. नाव विसरलेल्या चित्रपटाचा डबा सापडला तर तो भंगारातच जाईल.

२८/
म्हणून या धाग्याच्या वाचकांना, विशेषतः कोकणातल्या घरांतून शिकायला बाहेर पडलेल्यांना, एक विनंती. मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या चाकरमान्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावी नेलेल्या पेट्या अजून माळ्यावर आहेत. त्यांत चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या, जाहिरातींची हस्तपत्रके, जुनी मासिके, तिकिटांचे तुकडे असू शकतात. चित्रपट नष्ट झाला की त्याची कथा, नटसंच, गाणी आणि प्रदर्शनाची तारीख याच कागदांतून सिद्ध होते. वाळवी आणि पावसाळा हे दोघे आपल्यापेक्षा वक्तशीर आहेत. पेटी उघडा, कागदांची छायाचित्रे घ्या, मागे-पुढे काय लिहिले आहे ते नोंदवा, आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या संग्रहालयाला विचारा.

२९/
माझ्या यादीतल्या नऊ जागांवर कोण आहे हे गौण आहे. दहाव्या जागी १९२५ चा 'सावकारी पाश' आहे. तो मी पाहिलेला नाही आणि तुम्हीही पाहिलेला नाही. तो श्रेष्ठ होता असा माझा दावाही नाही. तसा दावा करायला पुरावा लागतो. माझा दावा एवढाच की त्याला वगळून कोणालाही 'सर्वकालीन' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही. असहमती जरूर कळवावी. मात्र चित्रपट, वर्ष आणि पुरावा यांच्यासह. धागा समाप्त.